नेढ्यातली माती काढू नका!

प्रश्न : दादा, नमस्कार. झाड लावायला खड्डा खणत होतो, गुडघाभर खाली गेल्यावर पहार ठण्णकन वाजली, दगड असेल म्हणून उकरलं तर कुऱ्हाडीचं पातं निघालं. दांडा नाही. लांबी १७ सेंमी, धारेची रुंदी ९ सेंमी, वजन काट्यावर १ किलो १०० ग्रॅम भरलं. गंजाच्या खपल्या भरपूर आहेत पण चुंबक चटकन चिकटतो. मागचा तुंबा (धारेच्या उलट बाजूचा बोथट भाग) ठोकून ठोकून पसरल्यासारखा दिसतो, धारेचं एक टोक झिजून गोल झालंय, आणि नेढं, म्हणजे दांडा घालायचं भोक, मातीने भरलंय, त्या मातीत काहीतरी काळं, काडीसारखं अडकलेलं आहे. घरी दोन पार्ट्या पडल्यात. मोठे काका म्हणतात लढाईची फरशी, म्हणजे लढाईची कुऱ्हाड आहे, कमीत कमी पाचशे वर्षं जुनी, आणि भाऊ म्हणतो ग्राइंडर लाव, दहा मिनिटांत चकाचक होईल मग काय ते कळेल. तुम्हीच सांगा. चार फोटो जोडलेत.

उत्तर : आधी भावाच्या हातातला ग्राइंडर काढून घ्या, मग पुढचं वाचा. हे मी अनुभवाने सांगतोय बरं का, पुस्तकी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक पातं आलं होतं, मी हौसेने चाक लावलं, आणि गंज उडता उडता खाली दोन अक्षरं दिसली, "अरे छाप आहे!" असं म्हणून हात थांबवेपर्यंत त्यातलं एक अक्षर ठिणग्यांबरोबर गेलंसुद्धा. उरलेल्या एका अक्षरावरून कोणाच्या बापाला कळणार कुठल्या कारखान्याचं ते. तर गंज कुठे पळून जात नाही, तो नंतर काढता येतो, पण त्याच्याखालचं एकदा घासलं की परत येत नाही.

आता खोलीचं बघू. गुडघाभर खोल सापडलं म्हणजे जुनंच असणार, हे सगळ्यांनाच वाटतं आणि बहुतेक वेळा तिथेच गाडी घसरते. वस्तू जमिनीत आपोआपही खाली जातात. डार्विनने १८४२ साली एका शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले होते, २९ वर्षांनी चर खणून बघितलं तर ते ७ इंच खाली गेलेले, आणि हे काम कोणाचं तर गांडुळांचं, खालची माती वर आणून टाकायचं. त्यात भर म्हणजे नांगर, उंदरांची बिळं, जुने बुजवलेले खड्डे, बाहेरून आणून टाकलेली भराव माती. गंजाचंही तेच. खारट किंवा आंबट जमिनीत पन्नास वर्षांतलं लोखंड पार भुगा होतं आणि हवा न पोचणाऱ्या दलदलीच्या चिखलात हजार वर्षांचं पातं ओळखू येईल असं टिकतं. म्हणून "किती गंजलंय" याला मी फारसं महत्त्वच देत नाही. किती खोल सापडलं यापेक्षा कशाबरोबर सापडलं ते महत्त्वाचं. त्याच थरात काचेचे तुकडे, कारखान्यातले खिळे, खापरं, कोळसा असं काही होतं का? खड्डा अजून उघडा असेल तर कडेचे थर बघून घ्या आणि मोजपट्टी ठेवून फोटो काढा, झाड चार दिवस थांबेल.

काकांच्या फरशीबद्दल. काकांना नाराज करायची इच्छा नाही, पण वजन त्यांच्या बाजूने बोलत नाहीये. लोकांच्या डोक्यात असं असतं की लढाईची कुऱ्हाड म्हणजे भलीमोठी आणि जड. प्रत्यक्षात उलटं असतं. माणसाला दिवसभर हातात घेऊन फिरवायची आणि चुकली तर लगेच मागे ओढून घ्यायची वस्तू हलकी आणि पातळ ठेवावी लागते, लाकडाच्या ओंडक्यात घुसून तो फाकवायचा असेल तर मात्र पात्याला जाडी लागते. तुमचं तिसऱ्या फोटोतलं पातं वरून बघितलं तर सरळ पाचरीसारखं आहे, नेढ्याजवळ जाड आणि धारेकडे निमुळतं. आणि तुंबा पसरलाय तो कशाने? कोणीतरी वर्षानुवर्षं तिचा हातोडा करून खुंट्या नाहीतर पाचरी ठोकल्यात. लढाईचं हत्यार असं कोणी वापरत नाही. तेव्हा ही कामाची कुऱ्हाड, लाकूड तोडायची आणि फोडायची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग नेढं. मला कोणी पातं दाखवलं की मी धार बघतच नाही आधी, नेढं बघतो. धार झिजते, परत लावली जाते, तुटते, पण नेढं जसं बनलं तसंच राहतं आणि ते कसं बनवलं यावरून बनवणारा कळतो. जुनी पद्धत अशी होती की लोहार लोखंडाची जाड पट्टी तापवायचा, मधोमध सळईवर वाकवून दुमडायचा, दोन्ही पदर परत पांढरेशुभ्र तापवून घणाने ठोकून एकजीव करायचा, आणि जिथे धार यायची तिथे दोन पदरांच्या मध्ये पोलादाची चकती सरकवून तीही ठोकून बसवायचा. पोलाद महाग होतं हो! १८५६ साली बेसेमरने स्वस्तात पोलाद करायची रीत काढली, त्याआधी अख्खी कुऱ्हाड पोलादाची करणं म्हणजे चैन, म्हणून अंग साध्या घडीव लोखंडाचं आणि फक्त तोंडाला पोलाद.

याच्या खुणा पात्यावर राहतात. दुमडून केलेलं नेढं वरून बघितलं तर पाण्याच्या थेंबासारखं दिसतं, मागे गोल आणि धारेच्या बाजूला टोक, आणि त्या टोकापासून पुढे बारीक रेघ जाते, तो सांधा. तुमच्या दुसऱ्या फोटोत नेढं एका बाजूला निमुळतं झालेलं स्पष्ट दिसतंय आणि पुढे जी काळी चीर आहे तिला तुम्ही तडा म्हटलंय, मला तो सांधाच वाटतो. कारखान्यात केलेल्या अलीकडच्या पात्याला असा सांधा नसतो, तिथे तापलेल्या पोलादी ठोकळ्यात भोक पाडतात आणि साच्यात दाबतात, मग कडेला पातळ उंचवटा राहतो किंवा तो घासून काढल्याची खूण राहते.

खात्री करायला संध्याकाळी अंधार करून टॉर्च पात्याला अगदी आडवा धरा, समोरून नाही. खपल्या निघालेल्या जागी पृष्ठभाग नीट बघा. लाकडाच्या फळीला असतात तशा लांब लांब रेषा दिसल्या तर ते घडीव लोखंड. त्या लोखंडात मळीचे, म्हणजे भट्टीतल्या काचेसारख्या कचऱ्याचे, धागे राहिलेले असतात, लोखंड गंजून जातं आणि धागे वर दिसायला लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे लाकूडच दगड झालंय की काय. नुसते खड्डे खड्डे दिसले, रेषा नाहीत, तर सहसा नवं पोलाद. तुमच्या चौथ्या फोटोत तुंब्याच्या खालच्या अंगाला मला त्या रेषा दिसतायत असं वाटतंय, टॉर्च लावून तुम्हीच पक्कं करा.

झिजलेल्या टोकाचं सोपं आहे. कुऱ्हाड मारताना लांबचं टोक, म्हणजे दांड्यापासून दूर असतं ते, आधी जमिनीला नाहीतर दगडाला लागतं, मग तेच जास्त परजावं लागतं आणि गोल होत जातं. म्हणजे झिजलेली बाजू वरची धरली की दांडा कुठून येत होता ते कळतं. आणि हेही कळतं की कुऱ्हाड कोणीतरी भरपूर वापरलीय, इतकी की पोलादाची धार जवळजवळ संपत आली असेल, कदाचित म्हणूनच टाकून दिली असेल.

तर सगळं मिळून काय? हाताने घडवलेली, दुमडलेल्या नेढ्याची, कामाची कुऱ्हाड. फक्त "१८५६ च्या आधीची" असं लगेच लिहू नका, कारण स्वस्त पोलाद आलं म्हणून गावोगावच्या लोहारांनी दुसऱ्या दिवशी पद्धत बदलली नाही, जुनं लोखंड हातात होतं तोवर ते तसंच दुमडत राहिले, त्यामुळे अशा पात्याचं वय नुसत्या आकारावरून शंभर-दोनशे वर्षं सहज इकडेतिकडे होतं.

आणि म्हणूनच ती काळी काडी! तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती आहे आणि तुम्ही ती शेवटी लिहिलीत. लोखंडाचा गंज लाकडात मुरला की लाकूड कुजत नाही, तसंच्या तसं राहतं, आणि तो दांड्याचा तुकडा किंवा पाचर असण्याची शक्यता दाट आहे. लाकूड असेल तर झाड कोणतं ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, आणि कार्बनच्या चाचणीने वयही काढता येतं. डेन्मार्कमध्ये मामेन इथे १८६८ साली एका थडग्यात चांदीची तार ठोकून नक्षी केलेली लोखंडी कुऱ्हाड निघाली, तिचं साल आज कशावरून सांगतात माहितीये? कुऱ्हाडीवरून नाही, त्या थडग्याला वापरलेल्या लाकडाच्या वर्षकड्यांवरून, ९७०-७१ चा हिवाळा. (आणि भावाला हेही सांगा, अशी चांदी गंजाखाली झाकलेली असू शकते, म्हणून संग्रहालयातली माणसं घासायच्या आधी एक्स-रे काढतात.) तेव्हा नेढ्यातली माती पिनेने, टूथब्रशने, कशानेही टोकरू नका. पातं सावलीत हळूहळू वाळू द्या, कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये ओलं बांधू नका, आणि जवळच्या संग्रहालयात किंवा पुरातत्त्व खात्यात नेऊन दाखवा. जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करायचा कायदा बऱ्याच देशांत आहे, तोही तिथेच विचारून घ्या.

प्रश्न : मला मिळालेल्या पात्यावर इंग्रजी अक्षरांत "कास्ट स्टील" आणि खाली ३ १/२ असा आकडा आहे. कास्ट म्हणजे ओतीव ना? ओतीव कुऱ्हाड तुटत नाही का? आणि साडेतीन कसले?

उत्तर : ओतीव कुऱ्हाड नाही, ओतीव पोलादाची पण नंतर घडवलेली. शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतायची रीत बसवली, ते पोलाद एकसारखं आणि धारेला उत्तम, म्हणून पुढे कारखानदार हत्यारांवर मिरवायला ते शब्द छापायला लागले. तेव्हाची जाहिरातच म्हणा ना.

साडेतीन म्हणजे पौंड, मूळ वजन. १ पौंड ४५४ ग्रॅमचा, म्हणजे नवी असताना साधारण १ किलो ५९० ग्रॅम. आता तुमची काट्यावर ठेवा. जेवढं कमी भरेल तेवढं परजण्यात आणि गंजात गेलं, मला तर हे गणित करायला फार आवडतं. आकडा ८००, १०००, १२५० असा असेल तर ते सरळ ग्रॅम समजायचे.

छापात देशाचं नाव आहे का तेही बघा. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं, त्यामुळे नाव असेल तर पातं बहुधा त्यानंतरचं. नाव नसेल तर मात्र त्यावरून काहीच ठरवू नका, कारण सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता. आणि मोठ्या नावाला भुलू नका. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कॉलिन्स कंपनीच्या (सुरुवात १८२६) कुऱ्हाडींच्या इतक्या नकला निघायच्या की त्यांना मुकुट, हात आणि हातोडा असं वेगळं चिन्ह काढून त्यावर "लेजिटिमस", म्हणजे अस्सल, असं लिहावं लागलं.

प्रश्न : सर, आमच्याकडे एक हिरवं पडलेलं पातं आहे, चुंबक चिकटत नाही आणि त्याला नेढंच नाही! दांडा कुठे लावत असतील? चिंच लावून घासू का?

उत्तर : नको! चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही नको. चुंबक चिकटत नाही आणि वर हिरवं कळकलंय म्हणजे तांबं किंवा कासं, आणि नेढं नाही म्हणजे चपटी कुऱ्हाड, फार जुनी जात. यात दांडा पात्यात शिरत नाही, पातं दांड्यात शिरतं. दांड्याचं डोकं फाडून किंवा कोरून त्यात पातं बसवायचं आणि चामड्याने आवळायचं. हे आपण नुसतं अंदाजाने म्हणत नाही, १९९१ साली आल्प्समधल्या बर्फात ओत्झी नावाने प्रसिद्ध असलेला माणूस सापडला, सव्वापाच हजार वर्षांपूर्वीचा, त्याच्याबरोबर अख्खी कुऱ्हाड होती, साडेनऊ सेंमीचं जवळजवळ शुद्ध तांब्याचं पातं, यू झाडाच्या लाकडाचा सुमारे ६० सेंमी दांडा, बर्चच्या डांबराने चिकटवून चामड्याच्या वादीने बांधलेली. आपल्याकडचं म्हणाल तर बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७० साली तांब्याच्या ४२४ वस्तूंचा साठा निघाला, त्यात अशी चपटी पाती होती.

तुम्ही एवढंच करा, रोज बघत राहा की त्यावर कुठे फिक्या हिरव्या रंगाची भुकटी येतेय का. गडद, गुळगुळीत हिरवं चांगलं असतं, ते पात्याचं कवचच आहे. पण पोपटी, पिठासारखं, बोटाला लागणारं हिरवं म्हणजे आतल्या क्षाराचा रोग, ओल मिळाली की तो पसरत जातो. तसं दिसलं तर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वाट न बघता तज्ज्ञांकडे न्या.

जाता जाता, नेढं नसलेलं पातं लोखंडी असेल तरी पट्टी समजून भंगारात टाकू नका. विदर्भातल्या माहुरझरी, नायकुंड इथल्या महापाषाणकालीन दफनांत लोखंडाच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्यात, त्यांना दांड्याशी आवळायला लोखंडाच्याच आडव्या पट्ट्या होत्या.

प्रश्न : आजीने जपलेला एक गुळगुळीत काळा दगड आहे, एका बाजूला धार. ती म्हणायची वीज पडली तिथे सापडला. खरं असतं का हे?

उत्तर : वीज नाही, माणूस. नवाश्मयुगातली घासून केलेली दगडी कुऱ्हाड असू शकते. पण तुमची आजी एकटी नाही, युरोपपासून आशिया-आफ्रिकेपर्यंत लोक अशा दगडांना विजेचे दगड म्हणायचे आणि घरावर वीज पडू नये म्हणून जपून ठेवायचे. ओळखायचं असेल तर भिंग घेऊन धारेजवळ बघा, नदीतला गोटा सगळीकडून सारखाच गुळगुळीत असतो, घासलेल्या कुऱ्हाडीला धारेकडे दोन्ही बाजूंनी सपाट उतार येतो, त्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे असतात आणि मागचं अंग पुष्कळदा खडबडीतच सोडलेलं असतं. आणि तो आजीने जिथे ठेवला होता तिथेच असू दे, फक्त चिठ्ठी लिहून ठेवा कुठे सापडला त्याची.

प्रश्न : माझं पातं तपासून झालं, कारखान्याचं आहे, पन्नास-साठ वर्षांचं, कोणाला नकोय. आता तरी साफ करू का? वापरायचंय.

उत्तर : करा की, हत्यार वापरण्यासाठीच असतं. बादलीत साधं पांढरं व्हिनेगर, पातं पूर्ण बुडेल एवढं, रात्रभर. सकाळी तारेच्या ब्रशने घासा, गंज चिखलासारखा निघतो. आठवडाभर विसरून जाऊ नका, व्हिनेगर चांगलं लोखंडही खातं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच पुसून वाळवा, तेल लावा, नाहीतर तासाभरात परत लाल होतं. व्हिनेगरमधून काढल्यावर धारेजवळ गडद आणि मागे फिकं असे दोन रंग दिसले तर थांबा आणि मला फोटो पाठवा, तोंडाला वेगळं पोलाद बसवलेलं असेल तर ते असं दिसतं.

काही जण बॅटरी चार्जर लावून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंज काढतात. रीत चांगली आहे पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, साधं लोखंड लावा, आणि उघड्यावर करा कारण हायड्रोजन निघतो.

धार कानशीने लावा. ग्राइंडरच लावायचा असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, धार निळी पडली की लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा, तेवढा भाग मऊ झाला. कानस धारेवर जेमतेम, जोर लावल्यावरच चावली तर पाणी शाबूत आहे, लोण्यासारखी चावली तर पातं कधीतरी आगीत पडलेलं असणार. आणि दांडा घालायच्या आधी नेढ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक तडा आहे का ते नक्की बघा, तुंब्याने हातोड्याचं काम केलेल्या पात्यांना तिथेच तडा जातो. तडा असेल तर दांडा घालू नका, भिंतीवर लावा.